पोटातली रिसायकल लाइन

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात दरवर्षी तीन गोष्टी हमखास असतात. पहिल्या पावसाची कविता, होस्टेलच्या आठवणी आणि मेसच्या पोळीची टेन्साइल स्ट्रेंथ! यंदा मी जरा वेगळा विषय घेतलाय : आपल्या आतड्यातले जिवाणू आणि स्तनाचा कर्करोग. 'हे मेडिकलवाल्यांचं काम' असं म्हणून लगेच पान उलटू नका. यातला निम्मा भाग आपल्याच सिलॅबसमधला आहे. सेकंड इयरला मटेरियल बॅलन्स शिकताना ज्या रिसायकल स्ट्रीमने आपल्याला रडवलं, तीच इथे हजर आहे. फक्त पाइप स्टीलचे नाहीत, एवढंच.

विषय डोक्यात शिरला तो मावशीमुळे. तिला गेल्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं. ऑपरेशन झालं, केमो झाली आणि आता रोज लेट्रोझोल नावाची एक गोळी चालू आहे. दिवाळीत तिने मला एक पत्रक दाखवलं. कुठल्याशा कंपनीच्या कॅप्सूल. 'आतड्यातले चांगले जिवाणू वाढवा, इस्ट्रोजेन ताब्यात ठेवा' वगैरे. महिन्याचा खर्च तिच्या पेन्शनच्या मानाने चांगलाच होता. म्हणाली, "तू केमिकलची ना गं? मग सांग, घेऊ का या?" मी म्हटलं, वाचून सांगते. म्हणून वाचायला बसले, आणि पी.एल.मधले चार दिवस त्यात गेले (सरांनी हे वाक्य वाचू नये).

हा प्रश्न एकट्या मावशीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. आपल्याकडच्या स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच. म्हणजे अशी पत्रकं बऱ्याच घरांत पोचत असणार.

आता मुद्द्यावर येऊ. स्तनाच्या कर्करोगाच्या दहांपैकी साधारण सात गाठी इस्ट्रोजेनवर पोसल्या जातात. त्यांच्या पेशींवर इस्ट्रोजेन पकडणारी ग्राहके असतात. इस्ट्रोजेन चिकटलं की पेशीला 'वाढ' असा हुकूम मिळतो. म्हणून रक्तात इस्ट्रोजेन किती फिरतंय, याला महत्त्व. पाळी चालू असताना ते मुख्यतः अंडाशयात तयार होतं. रजोनिवृत्तीनंतर अंडाशयाचं काम थांबतं, पण चरबीच्या पेशींत ॲरोमाटेज नावाचं विकर थोडं थोडं बनवत राहतं.

ही झाली फीड. आउटलेट कुठे? यकृतात. इस्ट्रोजेन हा तेलकट स्वभावाचा रेणू, पाण्यात विरघळायला नाराज. यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्लाचं, म्हणजे साखरेच्या जातीच्या एका रेणूचं, शेपूट लावतं. शेपूट लागलं की तो पाण्यात विरघळतो आणि निकामीही होतो. मग काही भाग मूत्रपिंडातून लघवीत जातो, काही पित्ताबरोबर आतड्यात उतरतो. आतड्यात उतरलेला माल सरळ बाहेर पडायला हवा. पण वाटेत आपले भाडेकरू बसलेले असतात ना!

किती भाडेकरू? 'शरीरातल्या पेशींच्या दहापट जिवाणू' हे वाक्य तुम्ही क्विझमध्ये ऐकलं असेल. ते विसरा. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या तिघांनी २०१६ मध्ये हिशोब नीट मांडला, तेव्हा सत्तर किलोच्या माणसात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी असं उत्तर आलं. म्हणजे जवळपास बरोबरी. आणि या सगळ्या जिवाणूंचं वजन भरतं सुमारे २०० ग्रॅम. लोणच्याच्या छोट्या बरणीएवढं!

यातल्या काही जिवाणूंकडे बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाचं विकर असतं. ते इस्ट्रोजेनचं शेपूट कापतं. जिवाणूला इस्ट्रोजेनशी काही देणंघेणं नाही, त्याला खायला हवं असतं ते शेपूट. पण शेपूट गेलं की इस्ट्रोजेन पुन्हा तेलकट आणि पुन्हा कामाचं होतं, आणि आतड्याच्या भिंतीतून परत रक्तात शिरतं. झाली रिसायकल स्ट्रीम तयार.

वहीच्या कोपऱ्यात हिशोब करून बघा. दर फेरीत अर्धा माल परत येत असेल, तर ताज्या फीडच्या दुप्पट माल लाइनमध्ये फिरतो : १ भागिले (१ वजा ०.५). परत येण्याचं प्रमाण ०.५ वरून ०.६ झालं, तर दुप्पटीचं अडीचपट होतं. फीड तेवढीच, तरी फिरणारा माल पाव हिश्शाने वाढला. (हे आकडे मी समजण्यापुरते घेतलेत, शरीरात मोजलेले नाहीत.) व्हॉल्व्ह जरासा सरकला तरी लाइनवर केवढा परिणाम होतो ते यावरून कळतं.

हा व्हॉल्व्ह खरोखर आहे, हे कळलं ते मात्र एका भलत्याच गोंधळातून. त्या काळी गर्भातलं बाळ ठीक आहे का, हे बघायला आईच्या लघवीतलं इस्ट्रिऑल मोजत. इस्ट्रिऑल हा इस्ट्रोजेनचाच एक प्रकार, गर्भारपणात वारेतून भरपूर तयार होतो. तो एकदम घसरला की बाळाला धोका, असा सरळ अर्थ. १९७० च्या दशकात फिनलंडमधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की गर्भवतीला अँपिसिलिन दिलं की इस्ट्रिऑल घसरतं. बाळ मात्र ठणठणीत! हर्मन आडलरक्रॉइत्झ आणि सहकाऱ्यांनी मलाची तपासणी केली, तर तिथे शेपूट न कापलेलं इस्ट्रोजेन कित्येक पटींनी वाढलेलं. अँटिबायोटिकने शेपूट कापणारे कामगार मारले होते, रिसायकल बंद पडली होती आणि माल ड्रेनमध्ये चालला होता. सेन्सरचं रीडिंग पडलं, पण प्लांटमध्ये बिघाड नव्हता. बिघाड रिटर्न लाइनमध्ये होता. इन्स्ट्रुमेंटेशनच्या मंडळींना हा किस्सा आवडेल.

पुढे १९८२ मध्ये बॉस्टनमधल्या एका गटाने, बॅरी गोल्डिन आणि सहकाऱ्यांनी, शाकाहारी आणि मांसाहारी बायकांची तुलना केली. शाकाहारी बायकांच्या मलाचं वजन जास्त, त्यातून बाहेर पडणारं इस्ट्रोजेन जास्त आणि रक्तातलं कमी. चोथा जास्त म्हणजे पर्ज जास्त! दोन्ही गटांत दहा-दहाच बायका होत्या, त्यामुळे यावर इमले बांधायला नकोत. पण दिशा कळली. २०११ मध्ये क्लॉडिया प्लॉटेल आणि मार्टिन ब्लेझर यांनी इस्ट्रोजेनवर काम करणाऱ्या आतड्यातल्या या सगळ्या जनुकांच्या गठ्ठ्याला 'एस्ट्रोबोलोम' असं भारदस्त नाव दिलं. पत्रकवाल्यांना आणखी काय हवं!

इथपर्यंत गोष्ट एकदम गोड आहे. पुढे गाडी रुळावरून घसरायला लागते, आणि पत्रकात नेमका हाच भाग नसतो.

२०१५ मध्ये अमेरिकेत रजोनिवृत्ती झालेल्या ४८ रुग्ण आणि ४८ निरोगी बायकांचे जिवाणू तपासले गेले. रुग्णांच्या आतड्यात जिवाणूंचे प्रकार कमी सापडले. पण गोची अशी, की इस्ट्रोजेनची पातळी हिशोबात धरूनही तो फरक तसाच राहिला. म्हणजे रिसायकल लाइनने त्याचं पूर्ण उत्तर मिळेना. मग २०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या मॅथ्यू रेडिन्बो यांच्या गटाने शेपूट कापणारी ३५ वेगवेगळी जिवाणू-विकरं परीक्षानळीत तपासली. त्यांतल्या १७ विकरांनी इस्ट्रोजेनचं शेपूट खरंच कापलं. मग ही विकरं अडवणारं औषध त्यांनी कर्करोग होणाऱ्या उंदरांना दिलं. गाठी कमी झाल्या नाहीत, उशिराही आल्या नाहीत.

याचा अर्थ सिद्धान्त मेला असा नाही. त्या जातीच्या उंदरांत गाठी एका विषाणूच्या जनुकामुळे येतात, त्यामुळे इस्ट्रोजेनच्या प्रश्नाला तो कितपत योग्य रिग, यावर वाद घालता येईल. पण परीक्षानळीत चालणारी गोष्ट जनावरात चाललीच पाहिजे असं नाही, हे मात्र उघड झालं. पायलट प्लांट आणि फुल स्केल यांतला फरक आपल्याला कुणी सांगायला नको.

बरं, जिवाणू फक्त शेपटंच कापतात असंही नाही. ते दिवसभर खातात आणि काहीबाही बाहेर टाकतात, आणि हा टाकाऊ माल रक्तात मिसळून स्तनापर्यंतही पोचतो. मला स्वतःला हा भाग जास्त मजेदार वाटला.

हंगेरीतल्या डेब्रेत्सेन विद्यापीठात पीटर बाय यांचा गट याच टाकाऊ मालाच्या मागे लागलाय. यकृत पित्ताम्लं बनवतं. आतड्यातले जिवाणू त्यांतल्या एकाचं रूपांतर लिथोकोलिक आम्लात करतात. २०१८ मध्ये या गटाने दाखवलं, की या आम्लामुळे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावते, उंदरांतही गाठीची धाव कमी होते; आणि सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या आतड्यात ते बनवणारं जिवाणू-जनुक कमी आढळतं. पुढच्याच वर्षी त्यांनी कॅडाव्हरिनबद्दल तसाच शोध लावला. नाव ओळखीचं वाटतंय? कॅडाव्हर म्हणजे प्रेत. सडक्या मांसाच्या वासाला जे रेणू जबाबदार त्यांतला हा एक, लायसिन या अमिनो आम्लापासून बनणारा. आणि तो म्हणे कर्करोगाच्या पेशींचा आक्रमकपणा कमी करतो! (आमच्या होस्टेलच्या फ्रिजकडे मी आता आदराने बघते.)

उलट बाजूही आहे. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस नावाच्या जिवाणूची एक जात विष बनवते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात तिचं नाव आधीपासून घेतलं जात होतं. २०२१ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या दिपाली शर्मा यांच्या गटाने ही जात उंदरांच्या आतड्यात वसवली, तर लांबवरच्या स्तनाच्या ऊतीतही बदल दिसू लागले. आणि विषाच्या संपर्कात आलेल्या कर्करोगाच्या पेशी जास्त जोमाने वाढल्या, पसरल्या.

तिसरं उदाहरण तर डोकं फिरवणारं. अंडी, मांस यांतल्या कोलिनपासून जिवाणू एक वायू बनवतात आणि यकृत त्याचं रूपांतर टी.एम.ए.ओ. या संयुगात करतं. २०११ मध्ये अमेरिकेच्या क्लीव्हलंड क्लिनिकमधल्या स्टॅनली हेझन यांच्या गटाने हे संयुग हृदयरोगाशी जोडलं, तेव्हापासून बिचारं खलनायक झालं. आणि २०२२ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातून निबंध आला, की ट्रिपल निगेटिव्ह प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगात हेच टी.एम.ए.ओ. गाठीतल्या पेशी फोडायला आणि रोगप्रतिकारक पेशींना जागं करायला मदत करतं! ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे ज्यावर इस्ट्रोजेनविरोधी गोळ्या चालत नाहीत, तो जास्त त्रासदायक प्रकार. आता सांगा, हा जिवाणू चांगला की वाईट? हृदयाला विचारलं तर एक उत्तर, गाठीला विचारलं तर दुसरं. 'चांगले जिवाणू वाढवा' म्हणणाऱ्याने आधी कुणासाठी चांगले ते सांगायला हवं.

या यादीत आपल्या घरातली एक गोष्ट सापडली तेव्हा मात्र मला फार बरं वाटलं. जवस! विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी ज्वारीच्या भाकरीबरोबर रोज खातात. जवसात लिग्नान नावाची संयुगं इतर कुठल्याही नेहमीच्या धान्या-बियांपेक्षा जास्त असतात. आतड्यातले जिवाणू त्यांचं एन्टेरोलॅक्टोन बनवतात; जिवाणू नसतील तर ते बनतच नाही. त्याचा आकार इस्ट्रोजेनशी थोडाफार जुळतो. वर अँपिसिलिनच्या गोष्टीत आलेले आडलरक्रॉइत्झच यामागेही होते. १९८२ मध्ये त्यांनी बॉस्टनमधल्या बायकांच्या लघवीत हे संयुग मोजलं, तर स्तनाचा कर्करोग झालेल्यांमध्ये ते कमी निघालं. पुढे फिनलंडमध्येच असंही दिसलं, की अँटिबायोटिक घेतल्यावर रक्तातलं एन्टेरोलॅक्टोन घटतं. पण म्हणून जवस हे औषध होत नाही. चटणी म्हणून ती झकास आहे, तेवढं पुरे.

अँटिबायोटिकचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. २००४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला : २,२६६ रुग्ण आणि ७,९५३ निरोगी बायका. ज्यांनी वर्षानुवर्षांत सर्वांत जास्त अँटिबायोटिक्स घेतली होती, त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण मुळीच न घेतलेल्यांच्या जवळपास दुप्पट दिसलं. तेव्हा केवढी खळबळ उडाली असेल! पण वारंवार अँटिबायोटिक लागणारी बाई आणि कधीच न लागणारी बाई यांच्यात इतरही दहा फरक असणार. शरीर मुळातच अशक्त असेल, सूज असेल, काहीही. अभ्यास करणाऱ्यांनीही हे स्पष्टपणे लिहिलं होतं. केमोच्या काळात ताप आला आणि डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिलं, तर ते घ्यायचंच. तिथे जिवाणूंचा विचार करत बसलं तर जीव जाऊ शकतो.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी एक किस्सा राहिला. २०२० मध्ये 'नेचर'मध्ये एक निबंध आला : गाठींच्या डी.एन.ए.च्या डेटामधले जिवाणू शोधून मशीन लर्निंगने कर्करोगाचा प्रकार ओळखता येतो. अचूकता डोळे दिपवणारी. नंतर दुसऱ्या गटाने तोच डेटा उसवून पाहिला. जिवाणूंचे म्हणून मोजलेले कित्येक तुकडे माणसाच्याच डी.एन.ए.चे निघाले, आणि डेटा नॉर्मलाइज करण्याच्या पायरीनेच प्रत्येक कर्करोगावर एक कृत्रिम शिक्का उमटवला होता. मॉडेल तो शिक्का वाचत होतं! २०२४ मध्ये निबंध मागे घेण्यात आला. प्रोजेक्टमध्ये ९९ टक्के अचूकता आली की पार्टी मागणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

असो. मावशीचा प्रश्न होता कॅप्सूलचा. तर त्यावर मला जे सापडलं ते असं. २०१८ मध्ये वाइझमन संस्थेतच एक प्रयोग झाला. अँटिबायोटिक घेतलेल्या निरोगी माणसांना अकरा जातींचं प्रोबायोटिक दिलं, तर त्यांचे मूळचे जिवाणू परत यायला काहीच न दिलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. नव्या भाडेकरूंनी जुन्यांना दारातच अडवलं. २०२१ मध्ये अमेरिकेत मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावर इम्युनोथेरपी घेणाऱ्या रुग्णांत दिसलं, की ज्यांच्या जेवणात पुरेसा चोथा होता त्यांची प्रकृती जास्त काळ टिकली. दुकानातून प्रोबायोटिक विकत घेणाऱ्यांना फायदा दिसला नाही, आणि उंदरांत तर उपचाराचा परिणाम कमी झाला. हा स्तनाचा कर्करोग नव्हे, हे खरं. पण 'घेऊन बघायला काय जातं' हे वाक्य आता मला तितकं निरुपद्रवी वाटत नाही.

आणि मावशीच्या बाबतीत साधा मटेरियल बॅलन्सच बोलतो. लेट्रोझोल ॲरोमाटेजला ९५ टक्क्यांहून जास्त अडवतं. म्हणजे तिची फीडच जवळजवळ बंद आहे. फीड शून्याकडे गेली, की रिसायकलचं प्रमाण ०.५ असो की ०.६, फिरायला माल आहेच कुठे? हा तर्क माझा आहे, कुठल्या निबंधातला नाही. म्हणून मी तिला तो तिच्या डॉक्टरांपुढे मांडायला सांगितला. डॉक्टर म्हणाले, कॅप्सूल नको, गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका. सांधे दुखतात म्हणून ती मधेच गोळी टाळत होती, हे त्या निमित्ताने बाहेर आलं. जिवाणूंपेक्षा ही बातमी महत्त्वाची होती.

चोथ्याबद्दल पुरावा जरा बरा आहे. वीस मोठ्या पाहण्या एकत्र करून २०२० मध्ये जो निष्कर्ष निघाला, त्यानुसार सर्वाधिक चोथा खाणाऱ्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा ८ टक्क्यांनी कमी दिसलं. आठ! ऐंशी नव्हे. भाकरी, उसळ, पालेभाजी खावी, त्याला पत्रक लागत नाही. पण त्यावर भिस्त ठेवून तपासणी टाळू नये.

तपासणीवरून मुंबईतला एक प्रयोग सांगायलाच हवा. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तो सुरू केला. मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन फक्त हाताने तपासत. मशीन नाही, कॅप्सूल नाही. वीस वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठी लवकरच्या टप्प्यात सापडू लागल्या, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फायदा दिसला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलंय.

आता बी.ई. प्रोजेक्टच्या शोधात असलेल्यांसाठी. यकृत, आतडं आणि रक्त असे तीन कंपार्टमेंट, शेपूट कापणारी एक अभिक्रिया, एक रिसायकल आणि दोन आउटलेट घेऊन इस्ट्रोजेनचं मॉडेल मॅटलॅबवर बसवता येईल. पाळी चालू असलेल्या शरीरात मेंदू आणि अंडाशय यांचा फीडबॅक लूप फीड कमीजास्त करतो, रजोनिवृत्तीनंतर तो लूप तुटतो. दोन्ही केसेस चालवल्या, तर व्हॉल्व्ह कुठल्या शरीरात जास्त बोलतो ते दिसावं. मी समीकरणं मांडून ठेवली आहेत, पण माझं कोडिंग म्हणजे आनंदच आहे. कुणाला रस असेल तर गुरुवारी चारनंतर मी कॉम्प्युटर लॅबमध्ये असते. येताना कटिंग घेऊन या.